बाबा असतानाच ही चौकशी करावी का?

प्रश्न : माझे वडील ८४ वर्षांचे आहेत. हृदय फारच थकलं आहे, २०१६ मध्ये पेसमेकर बसवला होता. आता हॉस्पिटलच्या फेऱ्या थांबवा, घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आम्ही कोथरूडला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई ७८ वर्षांची, भाऊ टोरंटोला. मागच्या आठवड्यात मैत्रिणीने अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या एका कंपनीचा नंबर दिला. त्यांनी ३८ हजारांचं पॅकेज सांगितलं, निम्मे पैसे आत्ताच भरले तर सवलत देऊ म्हणाले. फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. बाबा आतल्या खोलीत आहेत आणि मी बाहेर बसून हे भाव विचारतेय! काकांचं म्हणणं, लाकडावरच झालं पाहिजे आणि भाऊ नसेल तर अग्नी चुलतभावाने द्यावा. बाबा पूर्वी देहदानाबद्दल बोलायचे, पण फॉर्म भरलेला नाही. मी आत्तापासून हे सगळं बघतेय ते चुकतंय का? आणि पॅकेज घ्यावं का? – एक लेक, कोथरूड

ताई,

तुमचं काही चुकत नाहीये. या घरात हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं, ते तुमच्या वाट्याला आलं. बाबांची औषधं, कूस बदलणं, रात्रीची जागरणं जशी तुम्ही करताय, तसंच हेही त्यांचंच करणं आहे. रडू येणारच. पण त्यावरून ‘हे मी करायला नको होतं’ असं समजू नका.

मी इतकं ठामपणे लिहिते, कारण ही चौकशी आधी न केलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. माणूस गेल्यावर पहिल्या तासाभरात निर्णय घेतो तो बहुतेक वेळा सगळ्यांत जवळचा माणूस नसतो, सगळ्यांत मोठ्याने बोलणारा असतो. कुणी म्हणतं वैकुंठ स्मशानभूमीत चला, कुणी म्हणतं आधी गुरुजींना फोन करा, कुणी परस्पर गाडी बोलावून मोकळं होतं. आणि जिने सहा महिने रात्रंदिवस केलं ती लेक आधार कार्ड शोधत कपाटासमोर उभी असते. आई तर कुणाच्या खिजगणतीतही नसते. हे टाळायचं तर काही गोष्टी आत्ता, बाबा असतानाच ठरायला हव्यात.

कंपनीबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते. मदत जरूर विकत घ्या. जिन्यावरून खाली उतरवायला माणसं, गाडी, सामान, धावपळ करणारा एखादा शहाणा मुलगा, यासाठी पैसे मोजण्यात कमीपणा काहीच नाही. पूर्वी वाड्यातली, आळीतली माणसं हे करायची. आज शेजारच्या फ्लॅटला कुलूप असतं आणि भाऊबंद परदेशात असतात. पण कुठे न्यायचं, कसं करायचं, अग्नी कुणी द्यायचा, कुणासाठी थांबायचं, हे त्या पॅकेजमध्ये जाऊ देऊ नका. ते ठरवणारं घर तुमचं आहे. घाईच्या वेळी घरातल्यांचं एकमत नसलं की समोरचा माणूस त्याच्या सोयीचं ठरवतो, आणि त्यात त्याचाही फारसा दोष नसतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे बाबांशी बोलणं. ते बोलण्याच्या स्थितीत आहेत, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. आल्यागेल्यांसमोर विषय काढू नका. संध्याकाळी तुम्ही दोघंच असाल तेव्हा विचारा, आणि एकदम सगळं विचारू नका. ‘बाबा, तुम्ही देहदानाचं म्हणायचात, अजून तसंच वाटतं का?’ एवढं पुरे आहे. मोठी माणसं या प्रश्नाने खचतील अशी आपल्याला भीती वाटते. प्रत्यक्षात ती बरेचदा वाट बघत असतात, कारण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तीही गप्प असतात. ‘तुम्हाला जमेल तसं करा’ एवढंच म्हणाले तर तेही उत्तरच आहे. मग शब्द आईचा. तो काकांचा नाही, तुमच्या भावाचा नाही आणि, रागावू नका, तुमचाही आईच्या नंतरच.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, पण जे सगळ्यांत आधी लागणार आहे, ते म्हणजे डॉक्टरांचा दाखला. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र हॉस्पिटल देतं, त्याला नमुना ४ म्हणतात. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात उपचार करत असलेल्या डॉक्टरांनी नमुना ४अ भरून द्यायचा असतो. त्याशिवाय स्मशानभूमीचा पास आणि पुढची नोंद यांत अडचण येते. गाठ बसते ती इथेच. बाबांना ज्यांनी महिनोन्महिने पाहिलेलं नाही असे डॉक्टर रात्री २ वाजता येऊन सही करायला कचरतात, आणि त्यांचं कचरणं बरोबर आहे. तेव्हा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आत्ताच स्पष्ट विचारा : ‘घरीच काही झालं तर तुम्ही याल ना? दाखला द्याल ना? रात्री फोन कोणत्या नंबरवर करू? तुम्ही गावाला गेला असाल तर कुणाला बोलवू?’ ते ठरावीक दिवसांनी घरी येऊन बाबांना तपासून जातील असं बघा. प्रत्येक भेटीचा कागद, हॉस्पिटलचं शेवटचं डिस्चार्ज कार्ड आणि पेसमेकरचं कार्ड एकाच फाइलमध्ये ठेवा.

याच्याच जोडीला आणखी एक. तो क्षण येईल तेव्हा कुणीतरी घाबरून म्हणेल, ‘अहो, ॲम्ब्युलन्स बोलवा, हॉस्पिटलला न्या.’ श्वास थांबल्यावर हॉस्पिटलच्या दारात नेलं, तर ‘आणण्यापूर्वीच मृत्यू’ अशी नोंद होऊ शकते आणि मग पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन असा रस्ता सुरू होतो. डॉक्टरांशी बोलून बाबांना घरीच ठेवायचं ठरलंय, तर त्या रात्री ॲम्ब्युलन्सच्या आधी फॅमिली डॉक्टरांना फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. रात्री मदतीला येणाऱ्या मावशींनासुद्धा. समजा काही कारणाने शेवटचे दिवस हॉस्पिटलमध्ये गेलेच, तर बिलाच्या वादासाठी पार्थिव अडवून ठेवता येत नाही, रुग्णहक्कांच्या सनदेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. तेवढं लक्षात असलं की काउंटरवर आवाज कापत नाही.

पेसमेकरचं तुम्ही कंपनीला विचारलंत का ते पत्रात नाही, पण लक्षात ठेवा : दहनापूर्वी तो काढावाच लागतो. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते, दाहिनीला इजा होते आणि तिथे काम करणाऱ्या माणसालाही होऊ शकते. काढायचं काम डॉक्टरांचं आहे, छोटंसं असतं. दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरांनाच आधी विचारून ठेवा, म्हणजे ते तयारीने येतील.

देहदानाचा फॉर्म भरलेला नाही म्हणून वाट बंद झाली असं नाही. फॉर्म भरलेला असला तरी शेवटी घरच्यांची संमती लागतेच, आणि घरच्यांनी नकार दिला तर भरलेल्या फॉर्मला काही अर्थ उरत नाही. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे आणि देह वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग स्वीकारतो. पुण्यात ससूनला जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे, धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे. बाबांनी होकार दिला तर दोन्हीपैकी एका ठिकाणी या आठवड्यात जाऊन या. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी देह स्वीकारतात का, गाडी कुणाची, कोणते कागद लागतात, एवढं विचारा. शवविच्छेदन झालेला देह, किंवा काही संसर्गजन्य आजार असलेल्या व्यक्तीचा देह घेतला जात नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचंच उदाहरण आहे. त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला जायचा होता, पण २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, शवविच्छेदन करावं लागलं आणि देहदान होऊ शकलं नाही. तुमच्या घरी तशी वेळ नाही. पण मघाशी ॲम्ब्युलन्सचं जे लिहिलं ते इथेही लागू पडतं : दाखला नीट मिळाला तरच देहदानाची वाट मोकळी राहते.

एक मात्र आईशी बोलून घ्या. देहदान केलं की अग्नी नाही, अस्थी नाहीत. काही बायकांना ते चालतं, उलट अभिमान वाटतो. काहींना पुढे वर्षभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं. आईला ते झेपणार नसेल तर नेत्रदानावर थांबा. नेत्रदानाला वयाची अट नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, आणि त्यानंतर दहन किंवा देहदान दोन्ही होऊ शकतं. वेळ मात्र ६ तासांची. पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला लगेच कळवायचं. नेत्रपेढीचा नंबर डॉक्टरांच्या नंबरखालीच लिहून ठेवा. त्या वेळी शोधायला सुचत नाही.

आता पॅकेज. आगाऊ पैसे भरू नका. सवलत कितीही असो. बाबा आणखी सहा महिने छान राहोत. तोवर ती कंपनी असेल का, तो फोन उचलणारा मुलगा तिथे असेल का, याची हमी कुणी देत नाही. आणि समजा देहदान ठरलं, तर पॅकेजमधलं निम्मं सामान लागणारच नाही. चांगली सेवा देणारा माणूस ‘वेळ आली की फोन करा’ असं म्हणतो. पैसे आधी मागतो, त्याच्याबाबत जरा थांबून विचार करावा.

त्यांना पुन्हा फोन करा आणि ३८ हजारांची फोड लेखी मागा, व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल. गाडीचे किती, सामानाचे किती, माणसं किती आणि त्यांचे किती, गुरुजींची दक्षिणा आत आहे की वेगळी, शीतपेटी एका दिवसाची की तासावर, रात्रीचे जादा पैसे आहेत का, अस्थिविसर्जन यातच धरलंय का. फोड हातात आली की तुमच्याच लक्षात येईल की यातलं बरंचसं महापालिका करतेच. स्मशानभूमी महापालिकेची, दाहिनी महापालिकेची, पास महापालिकेचा. शववाहिनीही महापालिकेची मिळते, पुणेकर जिला पुष्पक म्हणून ओळखतात. महापालिकेचं जे काही शुल्क असेल त्याची पावती तुमच्या नावाने वेगळी मागा. ती रक्कम कंपनीच्या बिलात गोळा करून दाखवू देऊ नका. आणि मयताचं सामान, म्हणजे बांबू, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गोवऱ्या, तुळस, हार, हे जुन्या पेठांतल्या दुकानांत एकत्र बांधून मिळतं. दुकानदाराला नुसतं ‘सामान’ म्हटलं की पुरतं, काय काय ते त्याला पाठ असतं. घरात धावपळीला दोन तरुण असतील तर हे सगळं पॅकेजशिवाय सहज होतं.

तुमच्याकडे ते तरुण आहेत का, खरा प्रश्न हा आहे. तिसरा मजला, जुनी इमारत. लिफ्ट असलीच तर चार माणसांची असेल, तिच्यात स्ट्रेचर मावत नाही. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर उभं तिरकं करावं लागतं, पायाकडची माणसं खाली, डोक्याकडची वर, आणि मध्ये कठड्याला हात घासतात. हे साठीच्या पुढच्या नातेवाइकांचं काम नव्हे. माझ्या मते तुमच्या घराला कंपनीकडून सगळ्यांत जास्त गरज आहे ती याचीच. ‘जिन्यावरून उतरवायला चार माणसं येतील ना? कापडी स्ट्रेचर आणि बांधायचे पट्टे आणतील ना? रात्री बोलावलं तर किती वेळात?’ हे नक्की विचारा. त्या माणसांसाठी मोजलेले पैसे वाया जात नाहीत. गाडी आणि माणसं कंपनीची, सामान दुकानातून, बाकी सगळं महापालिकेकडून, असं केलंत तर खर्च आटोक्यात राहील आणि शीणही.

कंपनीच्या माणसाला कागदपत्रांच्या झेरॉक्स द्या. मूळ आधार कार्ड, पॅन, डॉक्टरांचा मूळ दाखला हातातून सोडू नका. दाखला जिथे जमा करायचा तिथे घरातल्या कुणीतरी स्वतः जमा करावा.

लाकूड की विद्युतदाहिनी. काका लाकडावर अडलेत. त्यांच्या श्रद्धेचा मान राखून सांगते, शास्त्र म्हणून कुणी काहीही म्हणो, आज पुण्यातल्या कितीतरी कर्मठ घरांतही विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी स्वीकारली गेली आहे. एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. दाहिनीत दीड-दोन तासांत होतं आणि अस्थी बहुधा त्याच दिवशी मिळतात. लाकडावर केलं तर सावडायला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं. ७८ वर्षांच्या आईचा विचार करता मी दाहिनीच्या बाजूने आहे. पण बाबांनी लाकूड म्हटलं तर लाकूडच, तिथे माझं मत बाजूला ठेवा.

दाहिनी ठरली तर आईला आणि भावाला एक गोष्ट आधी सांगून ठेवा, कारण ही फारसं कुणी सांगत नाही. मंत्राग्नीचे विधी दाहिनीबाहेरच होतात. त्यानंतर पार्थिव रुळांवरच्या ट्रॉलीवर ठेवतात, दार वर सरकतं, आतली लाली दिसते, ट्रॉली आत जाते आणि दार खाली येतं. या सगळ्याला मिनिटसुद्धा लागत नाही. चितेजवळ माणूस थांबतो, धूर बघतो, मन हळूहळू सोडवून घेतो. इथे ते एकदम होतं. माझ्या सासूबाईंच्या वेळी माझी नणंद चष्मा पुसत होती, वर बघितलं तर दार बंद. ‘मी बघितलंच नाही’ असं ती पुढे कितीतरी दिवस म्हणायची. म्हणून दार उघडण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा, ‘दोन मिनिटं थांबा.’ थांबतात. आईला जवळ जाऊ द्या, हात लावू द्या, मग खूण करा. बाबांच्या अंगावर प्लॅस्टिक, रबर, नायलॉनचे कपडे नकोत, गुंडाळायला सुती कापडच घ्या.

वैकुंठ नवी पेठेत आहे, पुणेकरांच्या तोंडी पहिलं नाव त्याचंच येतं, आणि म्हणून गर्दीही तिथेच असते. कोथरूडलाही महापालिकेची स्मशानभूमी आहे. कात्रज, येरवडा, आरटीओजवळची कैलास, अशा इतर ठिकाणीही सोय आहे. वैकुंठाचा आग्रह नसेल तर घराजवळची बघून या, एखाद्या सकाळी. आईला बसायला बाक आहेत का, गाडी आतपर्यंत जाते का, दाहिनी चालू आहे की दुरुस्तीला, हे बघून आलेलं बरं. गाडी निघण्याआधी फोन करून पुन्हा विचारायचं.

आता अग्नी. ताई, कायद्याने कुणालाही मनाई नाही. मुलीने अग्नी देणं पुण्यात आता नवं राहिलेलं नाही. दाभोलकरांना साताऱ्यात अग्नी दिला तो त्यांची मुलगी मुक्ता यांनी, आणि मुलगा हमीद यांनी अस्थी त्यांच्या शेतात विसर्जित केल्या, दोन्ही कोणत्याही धार्मिक विधीशिवाय. तुम्हाला विधी हवे असतील तर मुलीच्या हातून मंत्रपूर्वक करवणारे गुरुजी मिळतात. पुण्यातल्या ज्ञानप्रबोधिनी या संस्थेने स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलं आहे आणि त्यांचे पुरोहित विधीचा अर्थ मराठीत सांगतात, आईला ते आवडेल. गुरुजी कोण हे आत्ता ठरवा. स्मशानात जे भेटतील त्यांच्यावर सोडलं, तर ‘मुलगी? नको, पुतण्याला बोलवा’ हे वाक्य ऐन वेळी तुमच्या कानावर पडू शकतं, आणि तेव्हा तुमच्यात भांडायचं बळ नसेल.

काकांशी तुम्ही भांडू नका. हे आईने बोलायचं. ‘भाऊजी, यांची सेवा हिने केली, अग्नी हीच देईल. तुम्ही खांदा द्या.’ मोठ्या दिराला किंवा धाकट्या दिराला वहिनीचं हे वाक्य मोडणं जड जातं. त्यांना खरंच काहीतरी काम द्या. खांदा द्यायचा मान, दहाव्याची व्यवस्था. विरोध करणाऱ्या माणसाला बरेचदा फक्त आपल्याला बाजूला टाकलं नाही एवढं हवं असतं. चुलतभावाला मडक्याबरोबरचा तो दगड, जीवखडा, दहाव्यापर्यंत सांभाळायचं काम द्या. तो दगड गडबडीत हरवतो, आणि मग दहाव्याला घाटावर शोधाशोध होते. दहाव्याचे विधी वैकुंठात होतात, नदीकाठी ओंकारेश्वराजवळही होतात. त्याचं आत्ता काही ठरवायची गरज नाही.

भाऊ टोरंटोला आहे. पोहोचायला त्याला किमान दीड-दोन दिवस लागणार. त्याच्यासाठी थांबायचं की नाही, हे त्याला आत्ता विचारा, फोनवर नको, व्हिडिओवर समोरासमोर. घरी शीतपेटीत एक रात्र ठेवता येतं. त्याहून जास्त थांबायचं तर हॉस्पिटलच्या शवागारात ठेवणं बरं. पण मला विचाराल तर, तो येऊ शकत असेल तर त्याने आत्ताच यावं, बाबा बोलतायत तोवर. चार दिवस त्यांच्याजवळ बसून परत गेला तरी चालेल. मग अंत्यविधीला पोहोचता आलं नाही तर ते पुढे खुपणार नाही. हे तुम्ही त्याला सांगितलंत तर हट्ट वाटेल, माझं नाव सांगा.

रात्री उशिरा झालं तर सकाळपर्यंत थांबायला काहीही हरकत नाही. डॉक्टरांना बोलवा, नेत्रदान करायचं असेल तर नेत्रपेढीला कळवा, आईला बाबांजवळ बसू द्या. ‘लवकर उचला’ म्हणणाऱ्यांना चहा द्या.

नावाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पुढे वर्षभर सगळ्यात जास्त फेऱ्या यापायीच होतात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणी २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे. घरी मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी घरच्या माणसांची. २१ ते ३० दिवस विलंब शुल्क भरून, त्यानंतर परवानगी काढून, वर्ष उलटलं की आणखी वरच्या अधिकाऱ्यांचा आदेश घेऊन, असं ते वाढत जातं. दिवस तुम्ही चुकवणार नाही. चुकतं ते नाव. पासच्या खिडकीवर कुणीतरी तोंडी सांगतं, ‘लिहा, अण्णा कुलकर्णी.’ आधारवर वेगळं, पेन्शनच्या कागदावर आणखी वेगळं, बँकेत नुसतं आडनाव आणि आद्याक्षरं. महापालिकेच्या मृत्यू-दाखल्यावर तेच उमटतं आणि मग बँक, एलआयसी, सोसायटी, प्रत्येक जण म्हणतो हे आमचे खातेदार नाहीत. तेव्हा आजच एका कागदावर बाबांचं आधारवर आहे तसंच पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत, त्यांच्या आई-वडिलांची नावं, तुमच्या आईचं नाव, पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक असं स्वच्छ अक्षरात लिहा. त्याच्या चार झेरॉक्स काढा. कुणीही फॉर्म भरायला बसलं की त्यांच्यासमोर हा कागद ठेवायचा आणि भरलेला फॉर्म सही करण्याआधी तुम्ही स्वतः वाचायचा. कंपनीचा मुलगा ‘ताई, मी भरतो’ म्हणेल. भरू दे, पण वाचा तुम्ही.

मृत्यू-दाखल्याच्या आठ-दहा अधिकृत प्रती घेऊन ठेवा. बाबांना पेन्शन असेल तर बँकेला लवकर कळवा, आईचं कौटुंबिक निवृत्तिवेतन त्यावरच सुरू होतं. आणि ते गेल्यावर घरखर्चाला म्हणून त्यांच्या एटीएमवरून पैसे काढू नका, पुढे त्याचं उत्तर देत बसावं लागतं. त्या आठवड्यापुरती थोडी रोख आणि आईच्या किंवा तुमच्या खात्यात रक्कम आत्ताच ठेवा.

उद्या दोन फोन करा, आधी डॉक्टरांना आणि मग टोरंटोला. कंपनीला परवा केला तरी चालेल. त्या मुलाला सांगा, आगाऊ काही नाही, फोड पाठवा, तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला चार माणसं हवीत, आणि बाकी काय घ्यायचं ते आम्ही कळवू.